जुन्या डिझेल इंजिनांची पुनर्बांधणी आणि वऱ्हाडची मालवाहतूक



भारतीय रेल्वेची तिन्ही मापे पाहावयाची झाली, तर एके काळी वऱ्हाडाबाहेर पाऊल टाकण्याची गरज नव्हती. मुंबईहून नागपूरकडे जाणारा १,६७६ मिलिमीटर मापाचा रुंदमापी मार्ग १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला आणि अकोला, मूर्तिजापूर व बडनेरा ही स्थानके त्याच्यावर आली. अकोल्यास त्याला खांडव्याकडून येऊन हिंगोली-पूर्णेकडे जाणारा मीटरमापी मार्ग भेटत असे. तेथून चाळीस किलोमीटरच्या आत, मूर्तिजापुरास, अचलपूर आणि यवतमाळ अशा दोन दिशांना ७६२ मिलिमीटरचा अरुंदमापी मार्ग फुटत असे. या तिन्ही मार्गांवर आधी वाफेची इंजिने धावली आणि पुढे त्यांची जागा डिझेल इंजिनांनी घेतली. ती डिझेल इंजिने जुनी झाल्यावर त्यांच्या वाट्यास आलेले भवितव्य मात्र तीन प्रकारचे होते. रुंदमापी इंजिनांची पुनर्बांधणी होऊन ती पूर्वीपेक्षा बलवान झाली. मीटरमापी इंजिनांच्या अंगात बळ शिल्लक असतानाच त्यांच्या पायाखालचे रूळ निघून गेले. आणि अरुंदमापी इंजिने ओढावयास मालच न उरल्याने थांबली.

जुने इंजिन दुरुस्त करावे, नव्याने बांधावे की मोडीत काढावे, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या वयात शोधण्याची प्रथा आहे. वऱ्हाडातील या तीन मार्गांचा अनुभव असा, की ते उत्तर त्या इंजिनाकडून कोणते काम घ्यावयाचे आहे यात सापडते. हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा नाही. इंजिन ही सार्वजनिक पैशातून उभी राहिलेली मालमत्ता आहे, आणि तिच्यावर कोळसा, कापूस, धान्य, खते व इंधन यांची वाहतूक अवलंबून असते.

इंजिनांची नावे आणि त्यांचे कूळ

रेल्वे इंजिनांच्या पाठीवर लिहिलेली अक्षरे सामान्य प्रवाशास गूढ वाटतात. वस्तुतः ती फार सरळ आहेत. पहिले अक्षर मापाचे: रुंदमापीसाठी डब्ल्यू, मीटरमापीसाठी वाय, अरुंदमापीसाठी झेड. दुसरे अक्षर डी, म्हणजे डिझेल. तिसरे कामाचे: जी म्हणजे केवळ मालगाडीसाठी, पी म्हणजे प्रवासी गाडीसाठी, एम म्हणजे दोन्हींसाठी. त्यामुळे डब्ल्यूडीएम-२ हे नाव वाचले की रुंदमापी, डिझेल, मिश्र कामाचे इंजिन हे कळते, आणि वायडीएम-४ हा त्याचा मीटरमापी धाकटा भाऊ ठरतो.

भाऊ हा शब्द येथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. अमेरिकेतील अल्को या कंपनीने आखलेल्या २५१ या एकाच मालिकेतील यंत्रे या दोन्ही इंजिनांत बसविलेली होती. डब्ल्यूडीएम-२ मध्ये १६ सिलिंडर इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात मांडलेले होते व त्यांपासून २,६०० अश्वशक्ती मिळे. वायडीएम-४ मध्ये सहा सिलिंडर एका ओळीत होते व त्यांची शक्ती सुमारे १,४०० अश्वशक्ती होती. सिलिंडरचा व्यास नऊ इंच आणि पिस्टनची धाव साडेदहा इंच हे माप मात्र दोहोंचे एकच. एकाच कारखान्यात तयार झालेला पिस्टन अकोल्याच्या फलाटाच्या एका अंगास उभ्या असलेल्या रुंदमापी इंजिनात आणि दुसऱ्या अंगाच्या मीटरमापी इंजिनात सारख्याच हक्काने बसावा, अशी ही रचना होती. दुरुस्तीच्या व्यवहारात या एकसारखेपणाची किंमत फार मोठी असते.

पहिली डब्ल्यूडीएम-२ इंजिने १९६२ मध्ये अमेरिकेहून आली. वाराणसीच्या डिझेल इंजिन कारखान्यातून पहिले इंजिन जानेवारी १९६४ मध्ये बाहेर पडले. त्यानंतर एक विलक्षण घटना घडली. १९६९ मध्ये मूळ अल्को कंपनीने आपला कारखानाच बंद केला. ज्या देशात हे यंत्र जन्मले तेथे ते पोरके झाले आणि भारतात मात्र पुढे कित्येक दशके त्याची निर्मिती चालू राहिली. सुटे भाग, आराखड्यातील सुधारणा आणि चाचण्या या सर्वांची जबाबदारी वाराणसीचा कारखाना आणि लखनौची रेल्वे संशोधन संस्था यांच्यावर येऊन पडली. पुनर्बांधणीची विद्या भारतात रुजली ती या गरजेतून. ज्याचा निर्माताच उरलेला नाही, त्या यंत्रात सुधारणा करावयाची तर ती स्वतःच करावी लागते.

जुने काय होते?

रेल्वेच्या हिशेबात डिझेल इंजिनाचे आयुष्य ३६ वर्षांचे धरण्यात येत असे, आणि त्याच्या मध्यावर, म्हणजे अठराव्या वर्षाच्या सुमारास, त्याची पुनर्बांधणी करण्याची पद्धत ठरविण्यात आली होती. परंतु इंजिन म्हणजे एक वस्तू नव्हे. त्यात निरनिराळ्या आयुष्यांच्या अनेक वस्तू एकत्र नांदत असतात. सर्वांत खाली पोलादाची चौकट असते. ती वाकली नाही, तिला तडा गेला नाही आणि गंजाने तिची जाडी खाल्ली नाही, तर ती माणसाच्या हयातीइतकी टिकते. तिच्या खालच्या बोग्यांचेही तसेच. चाके मात्र झिजतात व वारंवार बदलावी लागतात. सिलिंडरचे अस्तर, पिस्टनची कडी, झडपा, इंधनपंप आणि टर्बोचार्जर यांचे आयुष्य त्याहून कमी. विजेच्या तारांवरील रबराचे आवरण तेलाने व उष्णतेने कडक होऊन तडकते. आणि इंजिनास लागणाऱ्या आगींच्या मुळाशी पुष्कळदा अशीच एखादी तडकलेली तार असते.

म्हणून पुनर्बांधणीची पहिली पायरी इंजिन उघडे करणे ही असते. वरचे घर उचलून बाजूला काढतात, यंत्र व जनित्र क्रेनने वर घेतात, बोग्या वेगळ्या करतात, आणि केवळ चौकट तेवढी शिल्लक राहते. तिची सरळता मोजण्यात येते. जेथे जोड आहेत तेथे चुंबकीय चूर्णाने किंवा रंगद्रव्याने तडे शोधण्यात येतात. डोळ्यांना न दिसणारी भेग रंगाच्या रेषेने उमटते. यंत्राचा मुख्य सांगाडा हा जाड पोलादी पत्रे जोडून तयार केलेला असतो. क्रँकशाफ्ट ज्या बैठकांवर फिरतो त्या सर्व एका सरळ रेषेत आहेत की नाहीत, हे येथे तपासावे लागते. वर्षानुवर्षांच्या कंपनाने ही रेषा केसभर जरी सरकली असली, तरी नवे बेअरिंग घातल्यावरही ते टिकत नाही. या ठिकाणी घाई केलेले इंजिन सहा महिन्यांत कारखान्यात परत येते, हे जुन्या कारागिरांना पुस्तकाशिवाय ठाऊक असते.

येथपर्यंत झाली ती दुरुस्ती. पुनर्बांधणीचा खरा अर्थ यापुढे सुरू होतो. जुना भाग काढून तसाच नवा भाग बसविला, तर १९६५ चे इंजिन पुन्हा १९६५ चेच होते. त्याऐवजी मधल्या काळात तंत्रज्ञानाने जे दिले ते त्या चौकटीवर चढविणे, हे पुनर्बांधणीचे काम होय. अल्को इंजिनांच्या बाबतीत यंत्रातील सिलिंडरांची संख्या व माप तेच ठेवून अधिक कार्यक्षम टर्बोचार्जर बसविण्यात आला. इंधनपंपाचा दट्ट्या १५ मिलिमीटरऐवजी १७ मिलिमीटर व्यासाचा करण्यात आला. पिस्टनचा माथा पोलादाचा झाला. इंधन अधिक दाबाने व अधिक थोड्या वेळात सिलिंडरमध्ये शिरू लागले, आणि त्याच्या ज्वलनासाठी हवाही पुरेशी मिळू लागली. २,६०० अश्वशक्तीचे इंजिन अशा रीतीने ३,१०० अश्वशक्तीचे झाले. चालकाने खटका पुढे सरकविताच या इंजिनांतून काळ्या धुराचा लोट उठत असे, तो रेल्वेमार्गाशेजारी राहणाऱ्यांच्या परिचयाचा होता. टर्बोचार्जरला वेग घेण्यास लागणारा विलंब हे त्याचे कारण. पुनर्बांधणीने हा धूर कमी झाला, नाहीसा मात्र झाला नाही.

विजेच्या बाजूचा बदल अधिक मूलगामी होता. डिझेल इंजिनात डिझेलचे यंत्र चाके प्रत्यक्ष फिरवीत नाही. ते जनित्र फिरविते, जनित्र वीज निर्माण करते व ती वीज आसांवरील मोटारींना मिळते. मूळ इंजिनांत हे जनित्र एकदिश प्रवाहाचे होते. त्यातील फिरत्या तांब्याच्या पट्ट्यांवर कार्बनचे ब्रश घासून वीज बाहेर घ्यावी लागे. शक्ती वाढविली की ठिणग्या वाढत, ब्रश झिजत, पट्ट्या जळत. पुनर्बांधणीत त्याजागी प्रत्यावर्ती प्रवाहाचा अल्टरनेटर आला व त्याची वीज सिलिकॉन रेक्टिफायरमधून एकदिश करून मोटारींना देण्यात आली. नियंत्रणासाठीच्या रिलेंच्या गर्दीऐवजी मायक्रोप्रोसेसर आला. बिघाड झाल्यास तो कोठे व केव्हा झाला याची नोंद इंजिनातच राहू लागली.

सर्व जुळणी झाल्यावर इंजिन रुळावर पाठविण्यापूर्वी त्याची जी परीक्षा घेण्यात येते, ती पाहण्यासारखी असते. इंजिन जागच्या जागी उभे असते, परंतु यंत्र पूर्ण भाराने, मिनिटाला १,००० फेऱ्यांच्या वेगाने चालविण्यात येते. निर्माण होणारी वीज मोटारींकडे न पाठविता पाण्याच्या टाकीत सोडलेल्या पत्र्यांतून वाहू देतात. दोन हजारांहून अधिक अश्वशक्ती अशा रीतीने पाणी तापविण्यात खर्ची पडते. तेलाचा दाब, पाण्याचे तपमान, धुराचा रंग आणि इंधनाचा खप यांची नोंद तासन्‌तास चालते. ज्या इंजिनाने एका जागी उभे राहून हे ओझे सोसले, तेच पुढे मालगाडीला जोडावयाचे.

शक्ती, पकड आणि ब्रेक

अश्वशक्ती वाढली म्हणजे इंजिन मालगाडीस योग्य झाले, अशी समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. अश्वशक्ती गाडीला वेग देते; उभी असलेली जड गाडी हलविण्याचे काम मात्र ओढ करते, आणि ओढ ही चाकाने रुळावर घेतलेल्या पकडीवर अवलंबून असते. डब्ल्यूडीएम-२ चे वजन ११२.८ टन असून त्याची प्रारंभीची ओढ सुमारे ३०.५ टन होती, म्हणजे वजनाच्या सत्तावीस टक्के. त्याहून अधिक जोर लावला तर चाके जागच्या जागी गरगर फिरतात. बैलगाडी चिखलात रुतली असता बैलाच्या अंगात बळ असून भागत नाही, त्याच्या खुराला जमीन धरावी लागते. तसेच हे आहे.

वऱ्हाडात या दोन्ही गोष्टींची उदाहरणे एकाच स्थानकावरून निघतात. अकोल्याहून शेगाव-भुसावळकडे किंवा बडनेऱ्याकडे जाणारा मुख्य मार्ग पूर्णेच्या सपाट खोऱ्यातून जातो. येथे मालगाडीला चढ नाही; येथे प्रश्न वेगाचा. मालगाडी रेंगाळली की तिच्यामागे मेल आणि एक्सप्रेस खोळंबतात, म्हणून येथे अश्वशक्तीला मोल. तेच इंजिन अकोल्याहून दक्षिणेस वाशीमच्या दिशेने वळले, की खोरे सोडून पठारावर चढू लागते. अकोला आणि वाशीम यांच्या उंचीत सुमारे अडीचशे मीटरांचा फरक आहे. पावसाळ्याच्या पहिल्या सरीने ओले झालेले रूळ, मागे भरलेल्या वाघिणी आणि समोर चढ, अशा वेळी चालकाला अश्वशक्ती उपयोगी पडत नाही, पकड उपयोगी पडते.

हा धडा लक्षात घेऊन १९९५ मध्ये केवळ मालवाहतुकीसाठी नवे अल्को इंजिन तयार करण्यात आले. त्याला पुढे डब्ल्यूडीजी-३ए असे नाव मिळाले. यंत्र तेच, ३,१०० अश्वशक्तीचे. परंतु वजन १२३ टन आणि बोगी निराळ्या रचनेची, जोर लावताना पुढच्या चाकांवरील भार उडू न देणारी. त्याची ओढ सुमारे ३८ टनांपर्यंत गेली. जुन्या इंजिनांच्या पुनर्बांधणीत यंत्र सुधारले, पण बोगी बहुधा जुनीच राहिली, ही त्या कार्यक्रमाची मर्यादा स्पष्टपणे सांगावयास हवी. एका दृष्टीने मिश्र कामाचे इंजिन बलवान झाले; अस्सल मालगाडीचे इंजिन झाले नाही.

तिसरी गोष्ट ब्रेकची. तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही आणि मालवाहतुकीतील खरी क्रांती तीच आहे. जुन्या वाघिणींना निर्वात ब्रेक असत. नळीतील हवा काढून घ्यावयाची व बाहेरच्या वातावरणाच्या दाबाने ब्रेक लावावयाचा, ही त्यामागील कल्पना. वातावरणाचा दाब चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅमच्या आसपास असल्याने ब्रेकची ताकदही तेवढ्यातच अडकून पडे, आणि गाडी लांब झाली की शेवटच्या वाघिणीपर्यंत परिणाम पोहोचण्यास वेळ लागे. १९८० च्या दशकात बॉक्सएन ही नवी वाघीण आली, तिला दाबित हवेचे ब्रेक होते व नळीतील दाब पाच किलोग्रॅम. अशा ५८ वाघिणींची भरलेली गाडी ४,७०० टनांची होते. ती थांबविण्याची खात्री नसेल तर ती ओढण्याच्या ताकदीचा उपयोग नाही. निर्वात ब्रेकच्या जुन्या इंजिनावर दाबित हवेची यंत्रणा चढविली गेली, तेव्हाच ते आधुनिक मालगाडीच्या पंक्तीला बसले. पारसच्या औष्णिक वीज केंद्रात २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. त्यांना लागणारा कोळसा रेल्वेनेच येतो, आणि तो वाहून नेणाऱ्या अशा लांब गाड्यांमागे ब्रेकचा हा साधा बदल उभा आहे.

पतियाळा आणि पडुका

हे काम व्यापक प्रमाणावर करण्यासाठी पंजाबात पतियाळा येथे १९८१ मध्ये डिझेल सुट्या भागांच्या कारखान्याचा पाया घालण्यात आला. इंजिनांचे आधुनिकीकरण हेच त्याचे मुख्य काम बनल्याने २००३ मध्ये त्याचे नाव डिझेल इंजिन आधुनिकीकरण कारखाना असे करण्यात आले, आणि विजेच्या इंजिनांकडे वळल्यानंतर २०२२ मध्ये ते पुन्हा बदलून पतियाळा रेल्वे इंजिन कारखाना असे झाले. एका संस्थेच्या तीन नावांत डिझेलचा उदय, मध्यान्ह आणि अस्त सामावलेला आहे. महाराष्ट्रात परळचा कारखाना १८७९ पासूनचा. वाफेच्या इंजिनांवर हात बसलेल्या तेथील कारागिरांच्या पुढील पिढ्यांनी डिझेल इंजिनांची कालबद्ध दुरुस्ती आत्मसात केली.

अमेरिकेत हा मार्ग आधीच चोखाळला गेला होता. केंटकी राज्यातील पडुका येथे इलिनॉय सेंट्रल रेल्वेने आपल्या वाफेच्या काळातील कारखान्यात १९६७ पासून जुन्या डिझेल इंजिनांची पुनर्बांधणी केली, आणि ती इतकी यशस्वी ठरली की इतर रेल्वेंचीही जुनी इंजिने तेथे येऊ लागली. आजही तेथील विचार तोच आहे. २०२२ मध्ये युनियन पॅसिफिक रेल्वेने वॅबटेक कंपनीशी ६०० जुन्या इंजिनांच्या आधुनिकीकरणाचा करार केला व त्याचे मूल्य एक अब्ज डॉलरहून अधिक होते. तेथे चौकट ठेवून मोटारी व नियंत्रण बदलण्यात येते. अमेरिकेच्या मालमार्गांवर विजेच्या तारा नसल्याने ही गुंतवणूक तेथे शहाणपणाची ठरते. भारताने याच काळात उलट दिशा धरली, आणि म्हणून तेथील उदाहरण जसेच्या तसे येथे आणता येत नाही.

रूळ गेलेली इंजिने

मीटरमापी वायडीएम-४ इंजिनांची कथा वेगळी आहे. महू, खांडवा, अकोला या मार्गावर ती दीर्घकाळ धावली. मेळघाटात धूळघाटाजवळ हा मार्ग वळसा घेऊन स्वतःच्याच वरून जात असे. ७२ टन वजनाचे, सहा आसांचे हे इंजिन अशा वळणांच्या चढावर भरवशाचे होते. परंतु पूर्णा-अकोला मार्ग २००८ मध्ये रुंदमापी झाला, अकोला-खांडवा मीटरमापी वाहतूकही २०१७ पर्यंत थांबली. अकोला ते अकोट एवढ्या भागात २०२२ मध्ये रुंदमापी गाडी सुरू झाली. त्यापुढील मेळघाटातील टप्पा वन्यजीवांच्या प्रश्नामुळे रखडला. देशभर हेच घडत गेल्याने, यंत्र धडधाकट असलेली शेकडो इंजिने मापाअभावी निरुपयोगी ठरू लागली. त्यांपैकी काहींना परदेशात काम मिळाले. राइट्स या सरकारी कंपनीमार्फत ती मलेशिया व टांझानिया यांसारख्या मीटरमापी देशांत भाड्याने गेली. इंजिन तेच, वय तेच. काम असलेल्या ठिकाणी नेल्याबरोबर त्याचे मोल परत आले. २०२० आणि २०२३ मध्ये भारताने बांगलादेशाला अनुक्रमे दहा व वीस रुंदमापी डिझेल इंजिने दिली, तीही वापरातील, दुरुस्त करून दिलेली. विद्युतीकरणामुळे येथे मोकळी झालेली इंजिने तारा नसलेल्या शेजारी देशात मालगाड्या ओढू लागली.

मूर्तिजापूरच्या अरुंदमापी मार्गाला मात्र असे दार उघडे नव्हते. वऱ्हाडचा कापूस मुख्य मार्गापर्यंत आणण्यासाठी किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने तो उभारला. मूर्तिजापूर-यवतमाळ ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर-अचलपूर ७६ किलोमीटर. येथील कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला जात असे आणि या मार्गावर सत्तर वर्षे राबलेले वाफेचे इंजिनही १९२१ मध्ये मँचेस्टरलाच घडलेले होते. १५ एप्रिल १९९४ रोजी ते निवृत्त झाले व डिझेल इंजिन आले. लोकांनी ‘शकुंतला’ म्हणून जिच्यावर माया केली ती गाडी पुढे जवळजवळ केवळ प्रवाशांचीच राहिली. कापसाच्या गाठी कधीच ट्रकवर गेल्या होत्या. मार्गाची मालकी एका कंपनीकडे आणि गाड्या चालविणार सरकारी रेल्वे, अशा व्यवस्थेत रूळ, पूल वा इंजिन यांवर भांडवल घालण्याची निकड दोघांपैकी कोणालाच वाटली नाही. या मार्गासाठी जुने इंजिन कितीही चांगले बांधून दिले असते, तरी मंद वेगाच्या, झिजलेल्या रुळांवर त्याने वेगळे काय केले असते? पुनर्बांधणीचा आग्रह धरणाऱ्यांनी या प्रश्नाला सामोरे गेले पाहिजे. रुंदीकरणाची घोषणा २०१६ मध्ये झाली. गाड्या त्यानंतर काही वर्षांत थांबल्या.

तारांखाली डिझेलचे स्थान

मुंबई-नागपूर मुख्य मार्गाच्या वऱ्हाडातील भागाचे विद्युतीकरण १९९० च्या सुमारासच झाले होते. अमरावती-नरखेड हा वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यातून जाणारा नवा मार्ग २०१० च्या दशकात खुला झाला तेव्हा त्यावर प्रथम डिझेल इंजिनेच धावली. पुढे तेथेही तारा आल्या, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये मध्य रेल्वेने आपल्या सर्व रुंदमापी मार्गांचे विद्युतीकरण पूर्ण केले. आयात इंधनावरील खर्च पाहता या धोरणाविषयी वाद घालण्याचे कारण नाही.

वाद आहे तो उरलेल्या इंजिनांचा. वाराणसी येथे दोन जुन्या डिझेल इंजिनांचे रूपांतर करून १०,००० अश्वशक्तीचे जोड विद्युत इंजिन तयार करण्यात आले व फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. रूपांतराचे काम ६९ दिवसांत झाले, ही अभियांत्रिकी कर्तबगारी निर्विवाद होय. परंतु जेव्हा नवी विद्युत इंजिने कारखान्यांतून मोठ्या संख्येने बाहेर पडत होती, तेव्हा जुन्या चौकटीवर विजेचा सारा सरंजाम चढविण्यात कितीसा लाभ होता? हा प्रयोग पुढे व्यापक झाला नाही, यातच त्याचे उत्तर आहे.

याउलट, जेथे तार नेता येत नाही किंवा नेणे सोयीचे नाही, अशी कामे बरीच आहेत. वाघिणींत वरून माल भरावयाचा किंवा क्रेनने उचलावयाचा, तेथे डोक्यावरची तार अडचणीची ठरते. कोळशाच्या वाघिणी उलट्या करून रिकाम्या करण्याचे यंत्र जेथे असते तेथेही तीच स्थिती. गायगावचे तेल डेपो, पारसचे वीज केंद्र, धान्य व खतांची गोदामे यांच्या साइडिंगवर वाघिणींची हलवाहलव करावयास डिझेल इंजिन हाताशी असावे लागते. वादळात तार तुटली किंवा गाडी रुळावरून घसरली, तर मदतगाडी विजेविना पोहोचली पाहिजे. अशा कामांस ३,१०० अश्वशक्ती नको. ओढ हवी, चटकन थांबणे-निघणे हवे आणि उभे असताना इंधन जाळणे नको. जुन्या अल्को इंजिनांत मुख्य यंत्र तासन्‌तास निष्कारण चालू ठेवण्याची रीत होती. त्याऐवजी बॅटरी भारित ठेवणारे लहान पूरक इंजिन बसविले की शंटिंगच्या इंजिनाचा खप बराच खाली येतो. पुनर्बांधणीचा पुढील कार्यक्रम आखावयाचा असेल तर तो या मोजक्या इंजिनांपुरता, आणि त्यांच्या कामाचे मोजमाप आधी करूनच, आखावा लागेल.

यासाठी लागणारे हात वऱ्हाडात आहेत. बडनेऱ्याजवळ वाघिणींच्या कालबद्ध दुरुस्तीसाठी रेल्वेने कारखाना उभारला आहे. पश्चिमेस भुसावळला विद्युत इंजिनांच्या दुरुस्तीचा जुना कारखाना आहे. वाघिणीचा ब्रेक आणि इंजिनाचा ब्रेक एकाच नळीने जोडलेला असतो. बोगीची चौकट तपासण्याची आणि चाकाचा पृष्ठभाग घोटण्याची विद्याही दोन्हींकडे एकच. अमरावती आणि अकोला येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून जोडारी, संधाता व वीजतंत्री होऊन बाहेर पडणाऱ्या तरुणांना तडा शोधणे, बेअरिंगची रेषा मोजणे व अल्टरनेटर तपासणे हे काम शिकविण्यास जुन्या इंजिनाइतके चांगले साधन मिळणे कठीण. मोडीत निघणाऱ्या इंजिनांपैकी एखादे लोखंडाच्या भावाने विकण्याऐवजी अशा प्रशिक्षणासाठी राखून ठेवण्यास खर्च जवळजवळ शून्य आहे. त्यासाठी लागते ती एक साइडिंग, एक छप्पर आणि क्रेन पोहोचेल एवढी जागा.